नारायणरावांचे कान

"गाठ कधीपासून आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सोजराबाईंनी खाली मान घालून काहीतरी सांगितलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंनी पाहिलं, मुलगी प्रतीक्षानंही पाहिलं. नारायणरावांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. सवयीनं मान डोलावत ते म्हणाले, "हाव, हाव."

प्रतीक्षानं त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं आणि कानाशी तोंड नेऊन ओरडली, "बाबा, आई म्हणते, तिनं तुमाले दसऱ्यालेच सांगतलं होतं. तीनदा सांगतलं! तुमी काऊन काही केलं नाही?"

बाकावरची माणसं वळून पाहू लागली. एरवी नारायणराव शरमेनं अर्धे झाले असते. आज ते भिंतीला टेकून नुसते उभे राहिले. दसऱ्याला सांगितलेलं, आणि आता होळी होऊन गेली होती.

मोताळ्याच्या कापूस जिनिंगमध्ये सव्वीस वर्षं काढली, तिथल्या यंत्रांच्या घरघरीतच त्यांचे कान गेले. दोन वर्षांपूर्वी प्रतीक्षानं पगारातून कानाचं मशीन घेऊन दिलं. ते लावून नारायणराव हौसेनं पारावर गेले, तर पंजाबराव सगळ्यांदेखत म्हणाला, "काय बे नारायण, कानात रेडू घातला काय? मॅच कोण जितलं?" सगळा पार हसला. नारायणरावही हसले आणि घरी येऊन त्यांनी मशीन कपाटात ठेवलं. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा हाव हाव म्हणणं त्यांना सोपं वाटलं. लग्नाचं आमंत्रण असो की कुणाची मयत, सगळ्याला हाव.

सोजराबाईंचा आवाज मुळातच बारीक. त्यात दुखणं छातीचं. मधल्या भिंतीपलीकडे दिराचं बिऱ्हाड, ओरडून सांगायचं कसं? डाळ निवडता निवडता, खाली पाहत त्यांनी सांगितलं असणार. आणि आपण हाव म्हणून चपला घालून पारावर गेलो असणार.

धामणगावला घरी परत आल्यावर नारायणरावांनी कपाटातून मशीन काढलं, प्रतीक्षाकडून नवा सेल घालून घेतला आणि भर दुपारी ते पारावर गेले.

"आला रेडूवाला!" पंजाबराव म्हणाला.

हे त्यांना स्वच्छ ऐकू आलं. "रेडू नाही, मशीन हाय," ते म्हणाले. "मी बहिरा हाय, पंजाबराव. पंधरा वर्सं झाली. तुमी हसान म्हणून लपवत होतो."

कुणी हसलं नाही. एकजण सरकून जागा देऊ लागला, पण ते बसले नाहीत. त्यांना घरी जायचं होतं.

सोजराबाई ओसरीवर पडून होत्या. ते जवळ बसले.

"येते काय आयकू?" सोजराबाईंनी विचारलं.

नारायणराव दचकले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. त्यांच्या मनात सोजराबाईंचा आवाज तरण्या बाईचा होता. हा थकलेला, मधेच चिरकणारा. तो कधी म्हातारा झाला, त्यांना कळलंच नव्हतं.

"प्रतीक्षाच्या माय," ते म्हणाले, "तू दसऱ्याले सांगतलं, ते म्या आयकलंच नोतं. उगंच हाव म्हणलो."

सोजराबाई कोपराच्या आधारानं उठल्या.

"आयकलंच नोतं?"

"नाही वं."

"मंग बरं," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. "मले वाटे, तुमी आयकलं अन् तुमाले काहीच वाटलं नाही."

नारायणरावांनी तोंडावर उपरणं घेतलं. भिंतीपलीकडचं बोलणं थांबलं, तरी त्यांनी आपलं रडणं आवरलं नाही.

आजार पसरला होता. हातात पाच महिने होते. सोजराबाई बोलत राहिल्या. माहेरचं, सासूचं, पहिल्या गेलेल्या लेकराचं. नारायणराव गावात कुठंही मशीन लावूनच जात, पण काम झालं की लगेच घरी येत. शेवटच्या आठवड्यात सोजराबाईंचे नुसते ओठ हलायचे. ते कान त्यांच्या तोंडाशी नेऊन बसत.

सोजराबाई गेल्या. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर पंजाबराव भेटायला आला. जवळ बसला आणि बहिऱ्याशी बोलावं तसा त्यांच्या कानाशी वाकून ओरडला, "नारायण, लय वाईट झालं रे!"

"हळू बोल," नारायणराव म्हणाले. "मले आयकू येते."

पंजाबरावला हळू काय बोलावं ते सुचेना. तो त्यांचा हात धरून बसून राहिला.