फळीवरची रिकामी जागा

कॉल्डवेल हीथच्या धावपट्टीवर मला सगळे ‘हेडमास्तर’ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि मला ते आवडायचं, हे आधीच कबूल केलेलं बरं. हवाई दलात तीस वर्षं इंजिनं दुरुस्त केली आणि निवृत्त झाल्यावर लिंकनशायरातल्या या ओसाड धावपट्टीवर, माझ्यासारख्याच डझनभर खुळ्यांबरोबर, एक जुनं कॅनबेरा जेट जिवंत ठेवलं. ते उडत नसे. वर्षातून दोनदा लोकांसमोर त्याची इंजिनं पेटवायची, धावपट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुसाट पळवायचं आणि थांबवायचं, बस्स. तेवढ्यासाठी लोक शंभर मैलांवरून घडीच्या खुर्च्या आणि चहाचे थर्मास घेऊन येत आणि तासन्‌तास पावसात उभे राहत.

माझ्याकडे हत्यारांचं खातं होतं. जेट इंजिन समोरचं काहीही आत ओढून घेतं. विसरलेला एक पाना आत गेला, तर इंजिनाचा चुरा आणि जवळच्या माणसांचाही. म्हणून विमानाशेजारच्या ट्रेलरमध्ये एक पांढरी फळी होती आणि तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती लाल रंगात काढलेली होती. हत्यार काढलं की त्याच्या खिळ्याला आपल्या नंबराचा पितळी बिल्ला लावायचा. परत ठेवलं की बिल्ला काढून वहीत सही करायची. फळीवर एक जरी लाल आकृती उघडी दिसली तरी इंजिन पेटणार नाही. हरवलेलं हत्यार सापडलं, तर ज्याच्या हातून हरवलं त्याने वहीत स्वतःचं नाव लिहून सही करायची आणि मगच पुढचं काम. हे सगळे नियम माझे. फळीवरचं हत्यार कुणी खाजगी कामाला नेलं तर मी त्याची सालटी काढत असे.

तो सप्टेंबरातला रविवार आमचा शेवटचा होता. मालकाने जमीन विकली होती आणि पुढच्या महिन्यापासून धावपट्टीवर जुन्या मोटारी उभ्या राहणार होत्या. कॅनबेरा एका संग्रहालयात जाणार होतं, तेही इंजिनातलं तेल काढून. म्हणजे ते पळालं तर आज, नाहीतर कधीच नाही. त्यात आज आत विल्फ ऑरिज बसणार होते. वय सत्त्याऐंशी. तरुणपणी याच विमानात, वैमानिकाच्या पाठीमागच्या अंधाऱ्या खोबणीत बसून त्यांनी चार वर्षं नकाशे वाचले होते. डॉक्टरांनी त्यांना हिवाळ्याचीही खात्री दिली नव्हती. हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं होतं, बसची वेळ सांगावी तसं.

सकाळपासून पाऊस नुसता ओतत होता. दीड वाजता आम्ही विल्फना चौघांनी मिळून वर चढवलं, पट्टे बांधले. त्यांचे हात थरथरत होते, पण कुठली कळ कुठे आहे ते न बघता बोट ठेवून सांगत होते.

“क्लाइव्ह, इथे माझा सँडविचचा डबा असायचा,” ते म्हणाले. “एकदा माल्टावरून उडताना उघडला नि चीज छताला चिकटलं!”

मी हसत खाली उतरलो आणि फळी मोजायला गेलो. चौदा नंबरची आकृती उघडी होती. छोटा स्क्रूड्रायव्हर. खिळ्याला बिल्लाही नव्हता.

वही उघडली. चौदा नंबरवर शेवटची सही ग्लेनिस टेबटची, सकाळी सव्वानऊची. ग्लेनिस निवृत्त पोस्टवाली, तीन वर्षांपूर्वी आमच्यात आलेली. कामाला चोख, पण कुणी आवाज चढवला की गोंधळून जायची. आणि मी आवाज चढवला.

“ग्लेनिस! चौदा कुठंय?”

“ठेवला मी. सही केलीय ना.”

“सही दिसतेय मला. स्क्रूड्रायव्हर दिसत नाही.”

“क्लाइव्ह, मी खरंच ठेवला. हाताने टांगला.”

“मग त्याला पाय फुटले का?”

दोन-चार जण हसले. मला त्या हसण्याने चेव आला. मी सगळ्यांना खिसे उलटे करायला लावले आणि ग्लेनिसला पिशवीसुद्धा. ट्रेलरच्या पायरीवर तिने एकेक वस्तू काढून ठेवली: अर्धं सँडविच, गोळ्यांच्या दोन बाटल्या, ओले मोजे, कवळी चिकटवायच्या मलमाची नळी. ती नळी तिने मुठीत लपवली, तर मी म्हणालो, “मूठ उघड.” डेस हॅलमसारखा वात्रट माणूसही तेव्हा दुसरीकडे बघायला लागला. माझे स्वतःचे खिसे तपासायचं माझ्या मनातही आलं नाही. हेडमास्तरांचे खिसे कोण तपासणार?

मग शोधाशोध. इंजिनांची तोंडं, चाकांच्या वरच्या पोकळ्या, गवत, चिखल. वैमानिकाची खोली तपासायची म्हणून विल्फना पुन्हा पट्टे सोडून खाली उतरवलं आणि रबरी चादर पांघरून खुर्चीत बसवलं. ते दीड तास तसेच बसले. कुंपणापलीकडची गर्दी हळूहळू विरळ होत गेली. गावाशी आमचा करार होता की चारनंतर इंजिन वाजवायचं नाही. सव्वातीनला मी कर्ण्यावरून जाहीर केलं की धाव रद्द. विल्फ एवढंच म्हणाले, “बरोबर केलंस पोरा. नियम म्हणजे नियम.” ग्लेनिस ट्रेलरमागे उभी राहून रडत होती. मला ते दिसलं आणि वाटलं, रडू दे, धडा मिळेल.

मी चहा प्यायला माझ्या गाडीत जाऊन बसलो. पावसाळी विजारीच्या आत मांडीला काहीतरी टोचलं.

तेव्हा आठवलं. सकाळी येताना गाडीचा वायपर ढिला झाला होता. साडेनऊच्या सुमाराला मी फळीवरून चौदा नंबर उचलला, एका मिनिटाचं काम म्हणून बिल्ला लावला नाही. स्क्रू आवळतोय तोच कुणीतरी हाक मारली की विल्फ फाटकाशी आलेत. स्क्रूड्रायव्हर मी डांगरीच्या मांडीवरच्या खिशात टाकला, वरून पावसाळी विजार चढवली आणि धावलो.

खाजगी कामाला, बिल्ल्याशिवाय. माझ्या दोन्ही नियमांना मीच हरताळ फासला होता.

घड्याळात तीन वीस झाले होते. तेव्हाच उतरून सांगितलं असतं, तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण मी बसून राहिलो. काचेवरून पाणी ओघळत होतं, वायपर घट्ट बसला होता. ग्लेनिसची उघडलेली मूठ डोळ्यांसमोरून हलेना. हे आता त्या बारा जणांसमोर बोलायचं होतं. माझ्या वयाच्या माणसाला लाज वाटते तेव्हा तो शहाणा होत नाही, लबाड होतो, हे मला त्या गाडीत कळलं. पंधरा मिनिटं मी काय ठरवत होतो? तर कुठे टाकायचा.

तीन पस्तीसला मी ट्रेलरपाशी गेलो, बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि स्क्रूड्रायव्हर गवतात सोडला. सोडला आणि लगेच उचलला.

“सापडला!” मी ओरडलो. “अरे, इथे गवतात!”

सगळे धावत आले. डेस म्हणाला, “तिथे? तिथे मी दोनदा बघितलं, आईशप्पथ!”

“तुझे डोळे डोनटच्या गाडीकडे असतात,” मी म्हणालो. लोक हसले. मी तोही विनोद केला, हे मला आजही सहन होत नाही.

ग्लेनिस पुढे आली. नाक लाल, केस कपाळाला चिकटलेले. “म्हणजे माझ्याच हातून पडला असणार,” ती सगळ्यांकडे बघत म्हणाली. “खिळ्यावरून निसटला असेल. माफ करा रे मला. विल्फ, तुम्हीसुद्धा. क्लाइव्ह, सॉरी हं. उगाच वाद घातला तुझ्याशी.”

तिने माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सवयीने कमरेचं फडकं काढून पुसायला लागली. ओलं हत्यार फळीवर टांगायचं नाही, हाही माझाच नियम. दांड्यावर पावसाचे दोन थेंब होते, ते गेले. मग ती थांबली. सहा तास पावसात पडलेल्या लोखंडाला पुसण्यासारखं काहीच नव्हतं. चिखल नाही, गवताचं पातं नाही. तिने मूठ त्याच्याभोवती मिटली आणि तशीच ठेवली. मला ठाऊक होतं तिला काय लागतंय. तो गरम होता, माझ्या मांडीइतका गरम.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या मांडीकडे, मग पुन्हा तोंडाकडे.

मी वळून ट्रेलरमधली वही उचलली.

“किती वाजले?” तिने विचारलं.

“तीन चाळीस,” डेस म्हणाला. “सही करा नि आटपा लवकर, अजून वेळ आहे!”

वही मीच धरली होती. रकाना समोर होता: कुणाच्या हातून हरवलं. मी पेन उघडलं नाही. विल्फ खुर्चीतून अर्धवट उठून उभे राहिले होते, दोन्ही हातांनी रबरी चादर गळ्याशी धरून, शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या मुलासारखे. ग्लेनिसने त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या हातातून वही ओढून घेतली, माझ्या खिशातलं पेन काढलं आणि स्वच्छ पोस्टातल्या अक्षरात लिहिलं: ग्लेनिस टेबट. खाली सही केली. स्क्रूड्रायव्हर चौदा नंबरवर टांगला.

“फळी पूर्ण,” ती म्हणाली. ते वाक्य म्हणायचा मान नेहमी माझा असे.

तीन बावन्नला इंजिनं सुरू करणारी काडतुसं फुटली, काळ्या धुराचे लोट निघाले आणि दोन्ही इंजिनं जागी झाली. उरलेली शंभर-दीडशे माणसं कुंपणाला चिकटली. कॅनबेरा पाण्याची भिंत उडवत आमच्यासमोरून गेलं आणि तो आवाज छातीत, दातांत, बुटांच्या तळव्यांत शिरला. लोक ओरडत होते. एरवी त्या क्षणी माझे डोळे भरून येतात. त्या दिवशी मी धावपट्टीकडे बघितलंच नाही, फळीकडे बघत राहिलो.

विल्फना खाली उतरवलं तेव्हा ते हसत होते आणि रडतही होते. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. “तू थांबवलंस तेव्हा राग आला होता रे,” ते म्हणाले. “पण तुझ्यासारखा माणूस खाली असला की वर बसणाऱ्याला झोप लागते. आमच्याकडे तेव्हा असेच लोक होते.” मी “थँक यू” म्हणालो. दुसरं काही म्हणायला हवं होतं, पण मी “थँक यू” म्हणालो.

त्यांची मुलगी त्यांना गाडीत घालून घेऊन गेली. मी शेडमध्ये गेलो. ग्लेनिस सिंकपाशी चहाचे मग विसळत होती.

“ग्लेनिस, ते मघाशी…”

“विल्फ गेले का?”

“गेले.”

“आनंदात?”

“हो.”

“मग झालं. मी त्यांच्यासाठी लिहिलं, तुझ्यासाठी नाही.” तिने हातातला मग उपडा घातला. “आणि आता मला काही सांगू नकोस, क्लाइव्ह. मला माहितीये. माझी पिशवी तू सगळ्यांसमोर उघडलीस. तुझं जे काय आहे ते तिथेच उघड.”

“उद्या सगळ्यांना पत्र लिहितो…”

“तीस वर्षं पत्रं वाटलीत मी,” ती म्हणाली. “माणसं तोंडाने सांगायला घाबरतात तेच लिहितात. बाहेर आहेत सगळे. जा.”

बाहेर सगळे कॅनबेरावर ताडपत्री चढवत होते. पाऊस आणखी वाढला होता. डेसने मला पाहून दोरीचं टोक पुढे केलं. “या हेडमास्तर, शेवटची ओढ!”

मी दोरी घेतली नाही. उभा राहिलो आणि म्हणालो की स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात होता, गवतात मी टाकला, ग्लेनिसने काही हरवलं नव्हतं. मान खाली घालून, बुटांकडे बघत म्हणालो. बोलून झाल्यावर मान वर केली. पायघोळ रेनकोटातली अकरा माणसं माझ्याकडे बघत होती. डेसने कानावरचं आवाज रोखणारं झाकण बाजूला केलं. बाकीच्यांच्याही कानांवर ती होती.

“काय म्हणालास?” तो ओरडला. “इंजिनांनी कान गेलेत सगळ्यांचे! जोरात बोल!”

मागे शेडचं दार वाजलं. ग्लेनिस हात पुसत उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. एकेकाने कानांवरची झाकणं उतरवली. मग मी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, वायपरपासून, मोठ्या आवाजात, त्यांच्या तोंडांकडे बघत. ती उघडायला लावलेली मूठही सांगितली. या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.