मास्तरांच्या गळ्यातला टेप

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे; शिंप्याच्या गळ्यात असतो ना, तो माप घ्यायचा. मास्तरांची धाकटी मुलगी चालायला लागली, त्या वर्षी मी त्यांच्या दुकानात आलो. तेव्हा माझे आकडे ठळक होते आणि टोकांचे पितळ चकचकीत होते.

मास्तरांच्या हाताला सफाई होती. गुणगुणत कापड कापायचे, गिऱ्हाइकांची थट्टा करायचे. "काका, पोट आत घेऊ नका, सदरा फसणार नाही!" पण एखाद्या दिवशी सकाळपासूनच कपाळाला आठ्या. खिडकी लावून घेत, कुणी बोलले की खेकसत. अशा वेळी त्यांच्या मानेची शीर माझ्याखाली ताडताड उडे.

"डोकं फुटतंय गं," ते म्हणत.

"डोकं कसलं, लहर फिरलीय तुमची!" बायको म्हणे. मग ती मला त्यांच्या गळ्यातून काढून दाराच्या कडीला अडकवी. टेप बाहेर दिसला की आत जायचे नाही, हे गल्लीला ठाऊक झाले होते.

धाकटीने एकदा विचारले, "आई, लहरी म्हणजे काय गं?"

"म्हणजे तुझे बाबा. आत्ता हसतील, घटकेत अंगावर येतील. कारण विचारायचं नाही."

मास्तरही हसले. पुढे तेही कौतुकाने स्वतःला लहरी म्हणवू लागले, आणि डोक्याचे बोलेनासे झाले.

माझे आकडे पुसट झाले. मापे घ्यायला नवा टेप आला. मी कडीला लटकण्यापुरता उरलो.

एके दिवशी बायको बहिणीकडे गेली होती. भिंत धरत धरत मास्तरांनी स्वतःच मला कडीला अडकवले आणि दार लोटून घेतले. समोरचा सायकलवाला ओरडला, "वा मास्तर, आज स्वतःच बावटा लावलात!" गिऱ्हाइके आली, मला पाहून हसली, परत गेली. दाराच्या फटीतून मला दिसत होते, मास्तर मशीनपाशी पडले होते. मला हाक मारता येत नव्हती.

दार उघडले ते संध्याकाळी, बायको परतल्यावर. दवाखान्यात पोहोचलो तेव्हाही मी तिच्या मुठीतच होतो.

"मेंदूत गाठ आहे, जुनी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कधी डोकं दुखतं म्हणाले नाहीत?"

"म्हणायचे," ती म्हणाली. "आम्ही हसायचो."

मित्रांनो, लहरी हा शब्द वाईट नाही. पण तो एकदा चिकटला की माणसे पुढचे विचारत नाहीत. तुम्ही विचारा. जवळ बसून विचारा, काय दुखतंय?

मास्तर तिसऱ्या दिवशी पहाटे वारले. धाकटी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती.