भुरीचा डावा डोळा

माझ्या मांजरीचा डावा डोळा तुम्ही घालवला, साहेब. हात लावून नाही, हात न लावून. जनावरांच्या सरकारी दवाखान्याचे तुम्ही प्रमुख. मांजर हे जनावर नाही, हा शोध तुम्हाला कधी लागला?

मी देवराव, तांडापेठेतला कोष्टी. शाळेत गेलो नाही. दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं शिकलो. तेव्हा चुका शोधत बसू नका, मजकूर वाचा.

माझी बायको कौशल्या जाऊन सात वर्षं झाली. तिनं पदरात घालून आणलेलं पिल्लू म्हणजे ही भुरी, आता तेरा वर्षांची. आमचा हातमाग खड्ड्याचा. मी काठावर बसतो, पाय खाली खड्ड्यात, माग चालवायच्या पावड्यांवर, आणि भुरी दिवसभर माझ्या पायांवर अंग टाकून. घरात मागावरच्या धोट्याची खटखट, दुसरा आवाज नाही. बोलायचं तर तिच्याशी.

दोन वर्षांखाली तिच्या दोन्ही डोळ्यांत निळसर धुकं आलं. शेजारच्या जिजाबाई म्हणाल्या, "बुढी झाली गा थे. तुह्या डोळ्यात काय कमी धुकं हाये?" भुरी उंदीर धरत होती, उडी चुकत नव्हती. मीही हसलो.

पुढची चूक माझी, ती लपवत नाही. तिच्या डाव्या डोळ्याची बाहुली मोठी दिसायला लागली. पण मी तिला पाहायचो ते वरून, खड्ड्यात. अंधारात मांजरीची बाहुली मोठी होतेच, असं म्हणून मी विणत राहिलो. किती दिवस, देव जाणे. मग एका दुपारी ती अंगणात भर उन्हात आली. उजवी बाहुली धाग्याएवढी बारीक. डावी काळ्या मण्यासारखी गोल. डोळा लाल, जरा बाहेर आलेला. चालता चालता ती पायरीला धडकली.

तसाच उठलो, तिला टोपलीत घातलं आणि तुमच्या दवाखान्यात आलो. कंपाउंडर भैयाजीनं टोपलीत डोकावलं.

"मांजर? काहून आनलं गा? इथं बैल, घोडे, म्हशी येतेत. हे दूध देते का? गाडी ओढते का?"

"उंदीर मारते."

"मंग उंदरायलेच विचार, इलाज करून देतेत का!"

बैलवाले खो खो हसले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आलो. तुम्ही मोटारीतून उतरलात, टोपलीकडे पाहिलंत आणि म्हणालात, "ह्याला फाटकाबाहेर काढा." आठवतं?

त्यानंतर रोज फाटकाबाहेर बसलो. नवव्या दिवशी तुमचे सहायक डॉक्टर दत्तोपंत दौऱ्यावरून परतून घरी निघाले होते. त्यांनी सायकल थांबवली, भुरीच्या पापणीवर दोन बोटं टेकवली.

"कधीपासून असं आहे?"

"मले दिसून नऊ दिवस झाले."

"धुकं वयाचं आहे, त्याला भिऊ नका. पण उन्हात बाहुली मोठीच राहिली, डोळा लाल झाला, मांजर धडकायला लागलं, तर त्याच दिवशी आणायचं. आत दाब वाढलाय. डोळा गोटीसारखा कडक झालाय."

"त्याच दिवशी आनलं होतं, डॉक्टरसाहेब."

त्यांनी पापणीवरची बोटं काढून घेतली. मग म्हणाले, "तेव्हा औषधाचे थेंब घातले असते तर कदाचित वाचला असता. खात्री देत नाही."

"आन् उजवा?"

"तोही जाऊ शकतो. रोज उन्हात पाहत जा."

आता भुरी खड्ड्यात उतरत नाही. एकदा उडी मारली, ती पावड्यांवर आपटली. काठावर बसते, माझ्या आवाजाकडे मान तिरकी करून. मी उचलून खाली ठेवली तर थरथरते. माझे पाय दिवसभर गार पडतात. मधेच माग थांबवून मी म्हणतो, "इथंच हाओ वं, कुठं नाही गेलो." एवढंच माझं दिवसाचं बोलणं.

रोज दुपारी तिला अंगणात नेतो आणि उजवी बाहुली पाहतो. आज बारीक होती. ज्या दिवशी होणार नाही, त्या दिवशी मी टोपली घेऊन तडक येणार. दत्तोपंत तेव्हा दौऱ्यावर असतील तर तिला कोण पाहणार? आत घेणार की पुन्हा फाटकाबाहेर काढणार? ह्याच कागदावर दोन्हीपैकी एक लिहा आणि खाली सही करा.