शीतपेटी क्रमांक चार

बसडेपोत टाइमकीपरची नोकरी केलेल्या माणसाला एक खोड जडते. कोण किती उशिरा आलं ते टिपायचं आणि मरेपर्यंत विसरायचं नाही. आपल्या टाइमकीपरनं ही खोड थेट अंतराळात नेली होती.

दर रविवारी दुपारी दोनला, दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या बंद दवाखान्यात, पेशंट ताटकळतात त्या खोलीत एक यान उडत असे. बारा वर्षं एकच यान आणि एकच सफर. बाईंनी गोष्ट रचायची, समोर काय संकट आलं ते सांगायचं; बाकीच्यांनी एकेक पात्र होऊन आपण काय करतो ते बोलायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. टीपॉयवरचा प्लास्टरचा जबडा कधी अवकाशतळ होई, कधी लघुग्रहांचा पट्टा. बेकरीवाली यानाची इंजिनीअर. टाइमकीपर उपकप्तान, आणि नोंदवही अर्थातच त्याच्याकडे. बाईंचा नियम एकच, पण कडक: वहीत नाही ते यानात नाही.

वैमानिक होते टाइमकीपरचे भाऊजी, थोरल्या ताईचे यजमान, लिफ्टचे मेकॅनिक. आठवडाभर लोकांना सहाव्या मजल्यावर पोचवायचे, रविवारी शनीच्या पलीकडे. नऊ वर्षांपूर्वी एका लढाईत त्यांचा फासा टीपॉयवरून घरंगळून खुर्चीखाली गेला. वर वीस! भाऊजी नाचायचेच बाकी होते. टाइमकीपरनं चष्मा सावरत लिहिलं, "जमिनीवर पडला. अवैध."

"अरे वीस आहेत, वीस! डोळे आहेत की बटणं?"

"फासा टीपॉयवरचाच धरायचा, भाऊजी. पुन्हा टाका."

पुन्हा टाकला, तर एक पडला. वैमानिक जबर जखमी. त्याला शीतपेटी क्रमांक चारमध्ये, म्हणजे माणूस गोठवून झोपवायच्या कपाटात ठेवावं लागलं. भाऊजी ताडकन उठले, चपलेत पाय कोंबले, "येतो!" म्हणाले आणि गेले. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, तळपायाची आग मस्तकात गेली तरी नाही. टाइमकीपरनं ऐकलं तसं उतरवलं: "वैमानिक पेटी चारमध्ये. येतो म्हणाले." किती वाजता, ते मात्र विचारायचं राहिलं. तेवीस वर्षांच्या नोकरीत अशी चूक त्याच्या हातून झाली नव्हती.

त्यानंतर घरच्या कार्यांत दोघं भेटत, हवापाण्याचं बोलत, आणि ताटाकडे बघत जेवत.

मग गेल्या आठवड्यात ताईचा फोन. "रिटायर झाल्यापासून ह्यांनी मिक्सर तीनदा खोललाय. परवा तुमच्या त्या विमानाची आठवण काढत होते."

"यान, ताई."

"तेच ते. रविवारी पाठवते. पण मान खाली घालायला लावलीत ना, तर पुन्हा उंबरा चढायचे नाहीत हो. ओळखतोस तू."

ओळखत होता, म्हणून तर झोप उडाली. वैमानिक मेला असं ठरलं, तर भाऊजींना नवं पात्र घ्यावं लागणार, आणि नवं पात्र यानाची फरशी पुसण्यापासून सुरू होतं. भाऊजी फरशी पुसतील? दारातूनच मागे फिरतील, आणि या वेळी कायमचे.

रविवारी भाऊजी पावणेदोनलाच हजर. ब्रश कसा करावा या चित्राखाली, खुर्चीच्या टोकावर टेकले. "जागा असेल तर बसतो. नसेल तर दाढ दाखवून जातो."

"बसा की," बेकरीवाली म्हणाली. "पण वैमानिक कसला उरलाय आता? त्या पेटीला दर रविवारी हवेची एक नळी लागते. नऊ वर्षं कोण देणार? मागं धूमकेतूपाशी हवेची अशी मारामार, की माझा हात गेला. हात!" तिचे दोन्ही हात त्या वेळी कमरेवर होते.

भाऊजी अर्धवट उठले. टाइमकीपरनं घाईनं वही पुढे सारली.

प्रत्येक पानाच्या तळाशी, बारीक पेन्सिलीत, तीच ओळ: "पेटी चार, एक नळी. उपकप्तानाच्या वाट्यातून." खेळ झाला ते चारशे बारा रविवार.

बेकरीवालीनं पानं उलटली. "म्हणजे तुमचा तो खोकला..."

नऊ वर्षं उपकप्तान शिडी चढला की खोकायचा. सगळ्यांना वाटे, नाटकाची हौस दांडगी.

"अर्ध्या हवेवर होता तो," बाई म्हणाल्या. "प्रत्येक फाशाला दोन गुण कमी. मला माहीत होतं. वहीत आहे त्यावर मी कशाला बोलू?"

"आणि माझा हात?"

"तुम्ही चालू पंख्यात घातलात," टाइमकीपर म्हणाला. "पान तीनशे सात."

भाऊजी मात्र जुन्याच पानावर अडकले होते. "मी रागानं म्हणालो होतो रे, येतो म्हणून."

"रागाला रकाना नाही, भाऊजी."

भाऊजींनी नाक शिंकरलं आणि दवाखान्यातल्या औषधाच्या वासाला दोष दिला. बाईंनी फासा त्यांच्या हातात ठेवला. "पेटी उघडतेय. टाका."

फासा जबड्याच्या दाढेवर आपटला आणि तडक खुर्चीखाली गेला. चौघं गुडघ्यांवर. वर दोन.

"अवैध!" टाइमकीपर घाईनं म्हणाला. "जमिनीवरचा आहे. पुन्हा टाका."

"खबरदार! जमिनीवरचा धरतात. नऊ वर्षं हेच सांगतोय मी. लिही, वैध."

"अहो, दोन पडलेत!"

"दोन तर दोन. लिही."

टाइमकीपरनं पेन उचललं, बाईंकडे पाहिलं, बाईंनी छताकडे पाहिलं. त्यानं लिहिलं: वैध.

"दोन म्हणजे," बाई म्हणाल्या, "वैमानिक जागा झाला. पण आजच्या खेळात वाचा नाही."

"ताईंना फोन लावा," बेकरीवाली म्हणाली. "हे त्यांना आयुष्यात पुन्हा बघायला मिळायचं नाही."

तीन तास भाऊजींनी नुसत्या खाणाखुणांवर यान हाकलं. लघुग्रह चुकवताना हातवाऱ्यात जबडा दोनदा खाली पाडला. उपकप्तान आता भरपूर हवेवर होता, तरी शिडीपाशी सवयीनं खोकलाच. बेकरीवालीनं डोळे वटारले.

साडेपाचला भाऊजींनी चपला घातल्या. दारात वळले. वाचा परत आली होती.

"येतो."

टाइमकीपरनं पेनाचं टोपण काढलं. "किती वाजता?"

"दोनला. लिही."