थोरल्याची सायकल पुढे

अण्णा पुन्हा सायकलवरून उतरले. झालं! त्यांच्यामागे आमचे हे उतरले, यांच्यामागे सौम्या उतरली आणि सगळ्यांत शेवटी लूनावर असलेल्या मी कपाळाला हात लावून ब्रेक दाबला. मद्दूरच्या पुढचा तो चढ म्हणजे काही घाट नव्हे. पण उसाने भरलेली एक बैलगाडी आम्हाला आरामात ओलांडून गेली, वर गाडीवानाने हसून हातही केला. हसावं की रडावं, मला कळेना.

अण्णा म्हणजे माझे सासरे, व्यंकोजी. बंगळूरच्या पीण्या भागातल्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या वडिलांनी कुठल्याशा दुष्काळात सुरू केलेली ही आमच्या घरची रीत. संक्रांत झाली की बंगळूरहून सायकली काढायच्या, वाटेतल्या गावांतून घरोघरी रागीचं, म्हणजे नाचणीचं पीठ मागायचं, रात्री चन्नपट्टणात नात्यातल्यांकडे मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मंड्याजवळच्या निराधार म्हाताऱ्यांच्या आश्रमात ते पीठ पोचवायचं. त्या दिवशीचं आश्रमाचं जेवण आमच्या पिठाचं. आम्ही पोचल्याशिवाय चूल पेटवायची नाही, असा आश्रमवाल्यांचा हट्ट.

या रीतीला दोन नियम. पीठ सायकलवरूनच न्यायचं, इंजिनावर नाही. म्हणून माझ्या लूनावर फक्त डबा आणि पंक्चरचं सामान. आणि दुसरा नियम, घरातल्या थोरल्याची सायकल पुढे. त्याला ओलांडायचं नाही, मग आभाळ कोसळो. इतकी वर्षं या नियमाचं कोणालाच काही वाटलं नाही, कारण अण्णांना ओलांडायची कोणाची टाप नव्हती. यंदा मात्र त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. ते थांबले की आमची सगळी वरात थांबे.

"अण्णा, लूनावर बसता का माझ्यामागं?" मी विचारलं.

"तुझ्यामागं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना वेणी घालू का म्हणून विचारलं होतं. "स्वल्प दम घेतो. मग बघा."

दम घेतला. निघाले. दोन शेतं ओलांडली आणि पुन्हा उतरले.

आमचे हे म्हणजे देवमाणूस. वडिलांपुढे तोंड उघडायचं नाही, एवढंच शिकलेले. ते रस्त्याकडेच्या नारळांकडे बघत उभे राहिले. सौम्या, माझी कॉलेजात जाणारी लेक, माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अम्मा, तिथं सगळे उपाशी बसले असतील. तू बोल ना!"

म्हणजे घरात वाईटपणा घ्यायला मी, शालनच! अण्णांचं तोंड उन्हाने लाल झालं होतं. या माणसाला सायकलवरून उतरवायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. पण सूर्य डोक्यावर आला होता.

"अण्णा," मी म्हटलं, "राग आला तर येऊ दे. तुमचा मान आमच्या डोक्यावर. पण तिकडं म्हातारी माणसं चुलीपुढं बसून वाट बघतायत. आज तुमच्या हट्टापायी ती उपाशी राहिली तर तुमच्याच घशाखाली घास उतरणार नाही."

यांनी डोळे मिटून घेतले. अण्णांनी टॉवेलाने तोंड पुसलं. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर रेडिओ वाजत होता.

"अज्जा," सौम्या हळूच म्हणाली, "अप्पांच्या सायकलीच्या दांडीवर बसा की. मग तुम्हीच पुढं!"

"अय्यो! मी काय लेकरू?" अण्णा ओरडले. मग दांडीवर हात ठेवून म्हणाले, "दांडीवर शेवटचा बसलो तेव्हा आमचे बाबा चालवत होते. याच रस्त्यावर." त्यांनी आपली सायकल सौम्याच्या हातात दिली. "सरी, बसतो. ब्रेक उजवा धर. डावा धरत नाही नीट."

मग काय विचारता! माझी लूना टपरीवाल्याच्या हवाली केली. अण्णांची पिठाने लादलेली सायकल सौम्याने घेतली, तिची लेडीज सायकल माझ्या वाट्याला आली. लग्नानंतर पहिल्यांदाच सायकलवर बसत होते. साडी खोचली, देवाचं नाव घेतलं आणि तीनदा डुगडुगून निघाले एकदाची.

पुढे आमचे हे घामाघूम, आणि दांडीवर टॉवेलाची घडी घालून बसलेले अण्णा सारखी घंटी वाजवतायत.

"संताजी, खड्डा!"

"दिसला, अण्णा."

"दिसला तर गेलास कशाला त्यातून?"

"अण्णा, हँडल सोडा, पाया पडतो!"

हसून हसून मी शेतात जाता जाता वाचले. पण त्या बैलगाडीला आम्ही गाठलं आणि मागेही टाकलं. अण्णांनी मुद्दाम लांबलचक घंटी वाजवली.

आश्रमाच्या फाटकात सगळे उभेच होते. देवाप्पा नावाचा एक बोळका गृहस्थ, अण्णांहून चांगला दहा वर्षांनी लहान, हात उंचावून ओरडला, "व्यंकोजप्पा, यंदा तुम्हीच पिठाचं पोतं झालात काय!" अण्णांनी त्याला अस्सल कन्नडमध्ये शिवी हासडली आणि दोघेही हसत सुटले. चुली पेटल्या. जेवायला उशीर झाला, पण कोणाची तक्रार नव्हती.

पहिल्या पंगतीला रागीचे गरम गोळे वाढायचे ते अण्णांनीच, ही दरवर्षीची गोष्ट. त्यांनी परात उचलली आणि दोन पावलं टाकली. दांडीवर बसून पाय बधिर झालेले, गुडघा वाकला. यांनी धावत जाऊन परात धरली. देवाप्पा सतरंजीवर थोडा सरकला आणि शेजारची जागा हाताने झाडून म्हणाला, "बन्नी, या."

अण्णा त्या जागेकडे बघत राहिले. आजवर या माणसाने इथे पाण्याचा पेलासुद्धा बसून घेतला नव्हता. मग ते भिंतीला धरून सावकाश खाली बसले. कोणीतरी पुढे पान मांडलं.

सौम्याने परात घेतली. एकेकाला वाढत ती अण्णांपाशी आली आणि गोळा हातात घेऊन तशीच उभी राहिली. डोळे भरले होते पोरीचे.

"थांबलीस का?" अण्णा म्हणाले. "वाढ. आणि मोठा वाढ."

तिने वाढलं. अण्णांनी गोळ्यात बोटाने खळगा केला आणि मान वर न करता म्हणाले, "शालन, सारू आण गं."

मी पदराने डोळे पुसले आणि आमटीची बादली उचलली.