गोदीत होड्या लावू नयेत

पुण्याला समुद्र नाही, हे समुद्राचं दुर्दैव. असता, तर भरती कधी आणावी आणि दुपारी आणू नये, हे त्याला केव्हाच शिकवलं गेलं असतं. पण एवढी एक उणीव सोडली, तर जुनी आरमारी गोदी वाचवायला जे जे लागतं ते सगळं पुण्यात होतं. सभागृह होतं, माइक होता, निवृत्त माणसं होती आणि मतं तर काय, विचारूच नका.

गोदी होती कोकणात, खारवली गावी. ते आनंदीबाईंचं माहेर. विश्रांतवाडीच्या शाळेत भूगोल शिकवण्यात बाईंचा जन्म गेला. बोलणं अगदी पुणेरी झालं, पण जीव खारवलीतच राहिला. खडकात खोदलेल्या त्या गोदीत एके काळी आरमाराची गलबतं दुरुस्तीला यायची. भरतीच्या पाण्याबरोबर आत शिरायचं, ओहोटीला कोरडं पडायचं, मग फळ्या बदलायच्या, भेगा बुजवायच्या. गलबतं गेली, काम मात्र थांबलं नाही. बाईंचा धाकटा भाऊ बद्रीनाथ तिथेच गावाच्या होड्या दुरुस्त करत होता. आणि आता कुणी एक हॉटेलवाला त्या गोदीचा पोहण्याचा तलाव करणार होता.

"आक्का, गोदी गेली तर मी हातोडा घेऊन काय डोंगरावर जाऊ?" बद्रीनाथ फोनवर म्हणाला. 

म्हणून बाई शेजारच्या हिंमतरावांकडे गेल्या. हिंमतराव मंत्रालयातून निवृत्त झालेले. सहा वर्षं ते अध्यक्ष होण्यासाठी एखादी संस्था शोधत होते. गोदीचं नाव कानावर पडताच त्यांचे डोळे भरून आले. "अहो, आपलं आरमार!" असं म्हणून त्यांनी आठ दिवसांत समिती काढली. ज्यांना साध्या होडीत बसलं तरी मळमळतं, असे पन्नास सभासद आरमारावर तासतासभर बोलू लागले. खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतली अक्षता सामील झाली. "आजी, डोन्ट वरी, आपण ऑनलाइन कॅम्पेन करू," म्हणाली, आणि तिने खरंच हजारो सह्या गोळा केल्या. त्यातली एकही खारवलीची नव्हती. तिथे नेटला रेंज नव्हती.

काही म्हणा, माणसं चिवट. समितीने अर्ज केले, मोर्चा काढला, वर्तमानपत्रांत पत्रं छापून आणली. शेवटी हॉटेलवाला कंटाळून पळाला आणि गोदीची देखभाल सरकारने समितीकडे सोपवली. बाईंनी गल्लीभर पेढे वाटले. त्या रात्री त्यांना बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

समितीची झोप मात्र उडाली होती, कारण पाटी लावायची होती. गोदीचे दगड निखळताहेत, तळात गाळ साठलाय, हे सगळं सावकाश बघता येईल. पाटीवाचून कसं चालेल? मजकुरावर तीन बैठका झाल्या. "तुम्ही दमलात बाई, आता विश्रांती घ्या," म्हणत बाईंना त्यातून प्रेमाने वगळण्यात आलं.

अनावरणाला सगळी मंडळी बसने खारवलीला गेली. अक्षताच्या कंपनीने शंभर टी-शर्ट दिले होते, त्यामुळे गोदीच्या काठावर निळाई पसरली. एरवी जिच्यात दोन-तीन होड्या कलून पडलेल्या असत, ती गोदी आज झाडून स्वच्छ केलेली होती. बाईंना ते रिकामपण खटकलं, पण समारंभ आहे, केली असेल जागा, असं त्यांना वाटलं. आधी बद्रीनाथचा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि वर एक टोपी. टोपीवर लिहिलं होतं, 'रखवालदार'. मग बाईंनी पाटीवरचा पडदा ओढला.

'ऐतिहासिक गोदी. येथे होड्या लावू नयेत. दुरुस्तीची कामे करू नयेत. ठोकाठोक केल्यास कारवाई होईल. गोदी ही केवळ पाहण्याची वस्तू आहे.'

बाईंनी पाटी दोनदा वाचली. मग भावाकडे पाहिलं. टोपी त्याला मोठी होत होती.

"हॉटेलवाला बरा होता गो आक्का," तो हळूच म्हणाला. "तो शोभेला का होईना, दोन होड्या ठेवणार होता."

तेवढ्यात भरतीबरोबर गावातल्या कचरूची होडी गोदीच्या तोंडाशी आली. होडीत पाणी शिरत होतं आणि कचरू एका हाताने ते उपसत होता. सगळ्यांनी रखवालदाराकडे पाहिलं. रखवालदाराने बहिणीकडे पाहिलं.

"हिंमतराव, त्याला आत येऊ द्या," बाई म्हणाल्या.

"नियम म्हणजे नियम, आनंदीबाई. आज एक सोडली तर उद्या सगळ्याच येतील."

"येऊ देत की! गोदी आहे ती!" बाईंनी माइक ओढून घेतला. "अहो, होड्या येतात म्हणून ही गोदी आजवर टिकली! तुम्ही वाचवलीत ती कशासाठी? नुसती बघायला?"

केवढं हे कळकळीचं भाषण! मंडळी उभी राहिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. हिंमतरावांनी डोळे पुसले. आणि तिकडे पाण्यात कचरूला वाटलं, एवढी निळी माणसं टाळ्या पिटताहेत, म्हणजे आपल्याला कावळ्यासारखं हाकलताहेत. तो मुकाट्याने होडी वळवू लागला.

बाईंच्या हातातला माइक गळून पडला. रेशमी साडी गुडघ्यापर्यंत खोचून त्या पायऱ्या उतरल्या, पाण्यात शिरल्या, आणि उभ्या जन्मात कुठल्या पुणेकराने त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती त्या भाषेत ओरडल्या, "अरे मेल्या कचऱ्या, खंय चल्लंस? बुडशीत ना! फिर माघारी, घे आत!"

टाळ्या थांबल्या. कचरूने दोर फेकला. बद्रीनाथने टोपी काढून खिशात कोंबली आणि दोर झेलायला तो बहिणीमागोमाग पाण्यात उतरला.

परतीच्या वाटेवर समितीने बसमध्येच तातडीची सभा घेतली आणि शिस्तभंगाबद्दल आनंदीबाईंना समितीतून काढून टाकलं. ठराव एकमताने मंजूर झाला. विरोध करायला बाई बसमध्ये नव्हत्याच.