मिस्त्रींचा दुसरा ड्राइव्ह

"जुना काढा बाबा, त्याच्या जागी नवा बसवा, विषय संपला," जावई म्हणाला.

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टेबलावर दोन ठोके दिले. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि तीन म्हणजे डोकं ठिकाणावर आहे का तुझं. जावयाच्या वाट्याला तीन ठोके अजून आले नव्हते. जावई माणूस, मान राखावा लागतो. पण आज सकाळपासून लक्षणं काही बरी दिसत नव्हती.

मिस्त्रींना बोलता येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी घशाचं मोठं दुखणं निघालं, डॉक्टरांनी कापाकापी केली, माणूस राहिला आणि आवाज गेला. गळ्याशी श्वासासाठी एक भोक, त्यावर पांढरा रुमाल. बाकी गडी ठणठणीत. अडतीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केलेले हात अजून असे चालायचे की बघत राहावं. फार बोलायचं झालं तर शेजारी पाटी होती, तिच्यावर लिहायचे. पण पाटीवर भांडता येत नाही हो! अक्षर पूर्ण होईपर्यंत समोरच्याचा राग उतरलेला असतो. मिस्त्रींना त्याचंच जास्त दुःख.

आज मात्र भांडायलाही वेळ नव्हता. लेक आणि जावई चारच्या बसने निघणार होते. नव्या नोकरीच्या गावाला, इतक्या लांब की वर्षभर तरी परत येणं नाही. सोबत तीन महिन्यांची नात. आणि निघण्याआधी मिस्त्रींना लेकीच्या हातात एक सीडी द्यायची होती.

ती सीडी म्हणजे मिस्त्रींचा आवाज. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात लेक दुकानात मायक्रोफोन घेऊन आली होती. "बाबा, लहानपणी सांगायचात ती सुईची गोष्ट सांगा, मी भरून घेते," म्हणाली. मिस्त्रींनी आढेवेढे घेतले, मग सांगितली. त्या गोष्टीची ही एकच सीडी. त्यांच्या आवाजाची या जगात दुसरी कुठलीही खूण शिल्लक नव्हती. नातीला आजोबा म्हणजे टेबलावरची टकटक, एवढंच ठाऊक होणार, हे मिस्त्रींच्या जिवाला फार लागलं होतं.

सीडी जपून ठेवायचं काम त्यांच्या बायकोकडे होतं. दुकानातली गिऱ्हाइकं तिला मावशी म्हणत, आपणही मावशीच म्हणू. मावशींनी ती जपली, पण कुठे? बटणांच्या डब्यात! ऑपरेशननंतर ती ऐकायची हिंमत कुणाला झाली नाही, आणि दोन वर्षं ती बटणं, हूक आणि टाचण्यांच्या संगतीत घासत राहिली. बाहेर काढली तेव्हा तिच्यावर मांजराने नखं मारल्यासारखे ओरखडे.

शुक्रवारी मिस्त्री तिची प्रत करून घ्यायला कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. तिथल्या नव्याकोऱ्या ड्राइव्हने सीडी घेतली, दोन गिरक्या मारल्या आणि बाहेर टाकली. दुसऱ्यानेही तेच केलं. "काका, ही गेली," दुकानदार म्हणाला. मिस्त्रींनी त्याला तीन ठोके दिले आणि सीडी लिहू शकणारा एक नवा ड्राइव्ह विकत घेऊन घरी आले. घरच्या जुन्या ड्राइव्हमध्ये सीडी घातली. तो करकरला, कण्हला, मिनिटभर विचारात पडला, आणि पडद्यावर गोष्टीचं नाव दिसलं. मिस्त्रींनी लगेच सीडी बाहेर काढली. ऐकायची तर नातीबरोबर ऐकायची.

तर हिशोब सरळ होता. जुन्याला वाचता येतं, लिहिता येत नाही. नव्याला लिहिता येतं, पण फाटकं पान दिलं की नाक मुरडतो. म्हणजे दोघांना शेजारी शेजारी बसवायचं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहून घ्यायचं.

"पण दोन ड्राइव्ह एकाच केबलवर भांडतात, बाबा," जावयाने एक शेवटचा प्रयत्न केला. तो ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचा, पण झाकण काढून आत कधी डोकावला नव्हता.

मिस्त्रींनी पाटी ओढली. 'दोघांना पहिला नंबर दिला तर भांडतात. एकाला पहिला, एकाला दुसरा दिला की गुण्यागोविंदाने नांदतात.'

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मिस्त्रींनी ड्राइव्हच्या पाठीकडे बोट दाखवलं. तिथे छापलेलंच होतं. माणसं वाचत नाहीत, त्याला कोण काय करणार?

कॉम्प्युटरचा डबा टेबलावर आडवा झाला. प्लग काढलेला, झाकण उतरलेलं. जुना ड्राइव्ह बाहेर काढून नव्याच्या शेजारी ठेवला. दोघांच्या पाठीला बारीक पिना, आणि पिनांच्या जोडीवर बसवायची एक प्लास्टिकची टोपी, तांदळाच्या दाण्याएवढी. ती ज्या जोडीवर बसेल त्यावर पहिला की दुसरा ते ठरणार. मिस्त्रींनी चिमट्याने टोपी उचलली, श्वास रोखला आणि पहिल्याच फटक्यात बसवली. नवा पहिला, जुना दुसरा.

"वा!" जावई मनापासून म्हणाला. मिस्त्रींना पीळ देण्याइतकी मिशी नव्हती, असती तर या क्षणी त्यांनी दिला असता.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण जुन्या ड्राइव्हची करकर मिस्त्रींच्या कानातून जात नव्हती. कुठलंही यंत्र करकरलं की त्यांचा हात आपोआप तेलाच्या कुपीकडे जायचा. सवय ती सवय. जावई बाहेर सामान बांधायला गेला तसे मिस्त्रींनी ड्राइव्हचे चार स्क्रू काढले, आत डोकावले. सीडीचा ट्रे ज्या खाचेतून पुढेमागे होतो ती खाच कोरडी ठाक. त्यांनी लांब चोचीच्या कुपीतून एक थेंब सोडला. मग दुसरा. हाताने ट्रे सरकवून पाहिला. लोण्यासारखा! मिस्त्रींचा जीव सुखावला. स्क्रू आवळले, दोन्ही ड्राइव्ह जागेवर बसवले, चपटी केबल दोघांच्या पाठीत लावली, वीज जोडली आणि बटण दाबलं.

पडद्यावर दोन्ही ड्राइव्ह दिसले. मिस्त्रींनी टेबलावर असा ठोका दिला की मावशी स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"झालं?" मावशींनी विचारलं.

ठक.

लेक बाळाला कडेवर घेऊन आली. जावई आला. मिस्त्रींनी सीडी दोन बोटांनी कडांना धरून ट्रेमध्ये ठेवली. ट्रे आत गेला. आता करकर नव्हती. काहीच नव्हतं. फक्त एक बारीकशी घूं घूं झाली, आणि पडद्यावर आलं की ड्राइव्हमध्ये सीडी नाही.

"नाही कशी? आत्ता तर घातली!" लेक म्हणाली.

मिस्त्रींनी ट्रे उघडायचं बटण दाबलं. घूं घूं. ट्रे जागचा हलेना. पुन्हा दाबलं. घूं घूं. सीडी आत, आणि दार बंद. घड्याळात दीड वाजला होता.

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. "तरी म्हटलं होतं, जे चालतंय त्याला हात लावू नका!" असं त्या काही आधी म्हणाल्या नव्हत्या, पण अशा वेळी कोण तपासत बसतं?

"बाबा, फटीत स्क्रूड्रायव्हर घालून ट्रे ओढू का?" जावयाने विचारलं आणि हात पुढे केला.

ठक ठक ठक!

जावई दोन पावलं मागे सरला. मान राखणं तिथे संपलं. स्क्रूड्रायव्हर आत घुसला आणि सीडीला लागला तर जे दोन वर्षांत बटणांनी केलं नव्हतं ते एका क्षणात झालं असतं.

मिस्त्रींचे हात मात्र स्थिर होते. हात स्थिर असले की मिस्त्रींना भीती वाटत नसे. त्यांनी वीज बंद केली. ड्राइव्हच्या तोंडाशी एक टाचणीएवढं भोक असतं, ते त्यांनी सकाळीच हेरून ठेवलं होतं. कपाटातून एक लांब, बारीक सुई काढली, भोकात सरळ घातली आणि सावकाश, अगदी सावकाश दाबलं. आत काहीतरी सरकलं. ट्रे नखाएवढा बाहेर आला. मग बोटभर. सीडी हातात आली तेव्हा मावशींनी डोळेच मिटून घेतले होते.

"उघड डोळे, आई. आली," लेक म्हणाली.

आता रोग शोधायचा. मिस्त्रींनी पुन्हा चार स्क्रू काढले, चष्मा कपाळावरून नाकावर आणला, आणि त्यांचा चेहरा पडला. ट्रे ओढणारी मोटर आणि दातेरी चाक यांच्यामध्ये एक रबरी पट्टा होता, अंगठीएवढा. आणि तो पट्टा तेलाने चकचकत होता. खाचेतलं तेल ओघळून पट्ट्यावर उतरलं होतं. मोटर फिरत होती, पट्टा घसरत होता, सीडी फिरायच्या जागी उचलून बसवणारा शेवटचा हिसका बसतच नव्हता. अडतीस वर्षं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं होतं की तेल सगळीकडे घाला, पण पट्ट्याला नको. आणि आज स्वतःच्याच हाताने स्वतःच्याच आवाजावर तेल ओतून बसले!

"काय झालं, बाबा?" जावयाने वाकून विचारलं.

मिस्त्रींनी कुपी कोपराने वर्तमानपत्राखाली सरकवली आणि पाटीवर लिहिलं, 'जुना झालाय. पट्टा सैल पडला.' खोटं लिहिताना अक्षर जरा तिरकं आलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असलं तरी कुणी बोललं नाही.

गळ्याची जागा पुसायला मावशी स्पिरिटची बाटली ठेवत. मिस्त्रींनी तीच मागवली. चिमट्याने पट्टा काढला, कापसाने तीनदा पुसला, चाकं पुसली, खाच पुसली, बोटांवर पट्टा ताणून पाहिला. बोटाला धरतोय, घसरत नाही. कोरडा झाल्यावर बसवला. ड्राइव्ह जागेवर, स्क्रू जागेवर, वीज चालू.

ट्रे आत गेला. करकर ऐकू आली. कधी नव्हे ती मिस्त्रींना ती करकर गोड वाटली. मग कण्हणं, मग मिनिटभराचा विचार, आणि पडद्यावर गोष्टीचं नाव.

नव्या ड्राइव्हमध्ये कोरी सीडी गेली. जुना अडखळत वाचत होता, नवा थांबून थांबून लिहून घेत होता. काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची निळी रेघ मध्येच थिजायची तेव्हा खोलीतली माणसंही थिजायची. जावयाने दोनदा घड्याळ पाहिलं, मिस्त्रींनी एकदाही नाही. काम त्यांच्या हातून नीट झालं होतं, आणि नीट झालेलं काम दगा देत नाही, याची त्यांना खात्री होती. तीनला दहा कमी असताना नव्या ड्राइव्हने सीडी बाहेर दिली. कोमट, गुळगुळीत, एक ओरखडा नाही.

"आता हीच लावा," मावशी हळूच म्हणाल्या.

मिस्त्रींनी नातीला मांडीवर घेतलं. लेकीने नवी सीडी लावली. आधी दुकानाचा आवाज आला, रस्त्यावरची रहदारी, कुठल्याशा मशीनची खटखट. आणि मग एक भारदस्त, थोडा खरखरीत आवाज म्हणाला, "चालू झालं का? हं. तर एक होती सुई. तिला वाटलं, मीच का रोज दोरा ओढायचा? म्हणून ती गेली पळून."

मावशींनी पदर तोंडाला लावला. बाळाने हात हलवायचे थांबवले.

सुई दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत पोचली असेल नसेल, तेवढ्यात सीडीत दार वाजलं. बाईचा आवाज आला, "मिस्त्री, मशीन चालतच नाही हो."

"तेल घातलंत का?"

"घातलं की. सगळीकडे घातलं."

"सगळीकडे म्हणजे? पट्ट्यालाही?"

आणि मग मिस्त्री कडाडले. "अहो, पट्ट्याला तेल घालतं का कुणी? छत्तीस वर्षं घसा फोडून सांगतोय, पट्टा कोरडा पाहिजे, कोरडा! तेल घातल्यावर तो घसरणार नाही तर काय नाचणार? अक्कल गहाण टाकलीत काय?" मग एक खाकरा. "हं. तर सुई कुठे होती?"

जावयाने सावकाश मान वळवली आणि वर्तमानपत्राखालून डोकावणाऱ्या लांब चोचीकडे पाहिलं. मग मिस्त्रींकडे.

मिस्त्रींनी निमूटपणे पाटी ओढली आणि लिहिलं, 'बरोबर बोलतोय तो.'

पहिल्यांदा लेकीला हसू फुटलं, मग जावयाला. हसता हसता जावई खुर्चीवर बसला आणि लेकीच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाळ स्पीकरकडे टक लावून पाहत होतं. मिस्त्रींचे खांदे गदगदत होते. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता, पण आवाज आता मागे कपाटावरच्या स्पीकरमधून येत होता, सुईला उंबऱ्यावरून पुढे नेत.

मावशी तेवढ्या हसल्या नव्हत्या. गोष्ट संपली तशा त्या म्हणाल्या, "परत लावा."

"पहिल्यापासून, आई?" लेकीने विचारलं. "उशीर होतोय, पण लावते."

"गोष्ट राहू दे गं. ती तू घेऊन जा, पोरीला ऐकव. मला ते ओरडले ना, तेवढंच ऐकव." मावशींनी डोळे पुसले. "माणसांवर असं ओरडू नका म्हणून जन्मभर कटकट केली मी यांच्यामागे. मला काय ठाऊक होतं?" मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, पोरं बसने गेली की मला आणखी एक प्रत हवी आहे. माझ्यासाठी. आणि ती डब्यात ठेवणार नाही. करून द्याल ना?"

मिस्त्रींनी नातीला नीट छातीशी धरलं, मोकळा हात टेबलाकडे नेला आणि एकच ठोका दिला.